अभंग, भावगीत की नाट्यगीत? घरच्या गाण्यांना लेबलं कशी लावायची

जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून झाल्या, मामाने पेनड्राइव्हवर दिलेली गाणी त्यात ओतली, की खरा घोळ पुढे असतो. 'प्रकार' या रकान्यात कुठे 'डिव्होशनल' दिसतं, कुठे 'रिजनल', आणि भीमसेन जोशींच्या अभंगापुढे चक्क 'ब्लूज'. मग आपण स्वतः लेबलं लावायला बसतो आणि लगेच अडतो. सिनेमातला अभंग अभंगात टाकायचा की चित्रपटगीतांत? नाटकातलं पद मैफलीत गायलं असेल तर? गवळण भजनात बसते की तमाशात?

अडायला होतं कारण ही सगळी लेबलं एका जातीची नाहीत. 'अभंग' हे शब्द कसे बांधलेत ते सांगतं. 'नाट्यगीत' हे गाणं कुठून आलं ते सांगतं. 'भूपाळी' ते केव्हा म्हणायचं ते सांगते. म्हणजे एकाच गाण्याला तीन लेबलं लागली तरी ती एकमेकांशी भांडत नाहीत. प्रत्येक लेबल वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे, एवढं लक्षात ठेवून बसलात तर मोठा संग्रहही सुट्टीच्या दिवसांत हातावेगळा होतो. मी माझा असाच लावला, त्याचा क्रम खाली देतो.

हाताशी काय हवं

- सगळ्या गाण्यांची दुसरी प्रत, वेगळ्या डिस्कवर. ती झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.
- एमपीथ्रीटॅग किंवा म्युझिकब्रेन्झ पिकार्ड. गाण्याच्या फाइलमधली माहिती बदलायची ही सॉफ्टवेअरं, विंडोजच्या संगणकावर दोन्ही फुकट चालतात. मराठी गाण्यांसाठी मला पहिलं सोपं वाटतं, कारण पिकार्ड जी माहिती शोधून आणतं त्यात मराठी गाणी विरळ सापडतात.
- कॅसेटच्या आतली कार्डं आणि रेकॉर्डची पाकिटं. टाकली नसतील तर फार बरं. त्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.
- 'आठवणीतली गाणी' हे संकेतस्थळ. गीतकार, संगीतकार, गायक, राग आणि गीतप्रकार तिथे एकत्र मिळतात.
- तुकारामांची गाथा आणि जमल्यास संगीत नाटकांची एक-दोन जुनी पुस्तकं.
- घरातलं एखादं जाणतं माणूस. 'हे मूळ कुणी गायलं होतं' याचं उत्तर पुष्कळदा फक्त त्यांच्याकडे असतं.

१. प्रकाराचा रकाना आधी कोरा करा

आहे ते दुरुस्त करत बसू नका, सगळं पुसा. कारण तांत्रिक आहे. एमपीथ्री फाइलमध्ये माहिती साठवायची आयडीथ्री नावाची पद्धत आहे. तिच्या पहिल्या आवृत्तीत प्रकार शब्दांत लिहिलाच जात नव्हता, त्याचा आकडा साठवला जायचा. मूळ यादीत ० ते ७९ असे ८० प्रकार होते. त्यात अभंग नाही, ख्याल नाही, लावणी नाही. आणि शून्य म्हणजे ब्लूज! ज्या सॉफ्टवेअरने ती जागा शून्यावर सोडून दिली, त्याने तुमच्या आजीच्या हरिपाठाला अमेरिकेला पाठवलं. १२ म्हणजे 'अदर', म्हणून तेही जागोजागी दिसतं.

पुढच्या आवृत्तीत प्रकार हवा त्या शब्दांत, देवनागरीतही लिहिता येतो. फक्त एक काळजी घ्या. एकाच फाइलमध्ये जुनी आणि नवी अशा दोन्ही पट्ट्या असू शकतात. संगणकावर 'अभंग' दिसतं आणि जुन्या प्लेअरवर पुन्हा 'ब्लूज'. म्हणून एमपीथ्रीटॅगच्या सेटिंगमध्ये जाऊन पहिल्या आवृत्तीची पट्टी काढून टाका. तिचा तसाही उपयोग नाही. गाण्याच्या नावाला तिथे जेमतेम ३० अक्षरांची जागा असते, आणि तीही रोमन.

२. प्रत्येक गाण्याला चार प्रश्न विचारा

शब्दांची बांधणी कोणती? गाणं मुळात कशासाठी झालं: नाटक, सिनेमा, आकाशवाणी, रेकॉर्ड की यातलं काहीच नाही? ते कोण आणि कुठल्या प्रसंगी गातं? आणि राग-ताल कोणता?

'इंद्रायणी काठी' घ्या. भीमसेनजींच्या संतवाणीमुळे हे गाणं घरोघरी पोचलं आहे, आणि पुष्कळांना ते एखाद्या संताचंच वाटतं. शब्द आहेत ग. दि. माडगूळकरांचे आणि गाणं आहे पु. ल. देशपांडे यांच्या 'गुळाचा गणपती' या १९५३ च्या सिनेमातलं. मग अभंग म्हणायचं की नाही? अक्षरं मोजा. 'इंद्रायणी काठी' सहा, 'देवाची आळंदी' सहा, 'लागली समाधी' सहा, 'ज्ञानेशाची' चार. आळंदी आणि समाधी यांचं यमकही नेमक्या जागी. बांधणी अस्सल अभंगाची आहे. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर अभंग, दुसऱ्याचं चित्रपट, गीतकाराच्या रकान्यात माडगूळकर. तिन्ही खरं आणि कुठेही ओढाताण नाही.

माझी सोय अशी: पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं 'प्रकार'मध्ये, दुसऱ्याचं 'ग्रूपिंग' या रकान्यात, राग-ताल 'कॉमेंट'मध्ये. तुम्ही दुसरे रकाने घेतलेत तरी चालेल, पण एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तेच.

३. अभंग, ओवी, गझल: कानाने नको, मोजून ठरवा

ही लेबलं सगळ्यात सोपी आहेत, कारण इथे मतभेदाला फारशी जागाच नाही. मोठ्या अभंगात चार चरण, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं आणि चौथ्यात चार, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. 'सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया' बोटांवर मोजून बघा. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण: 'जे का रंजले गांजले / त्यासि म्हणे जो आपुले'. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घाचा विचार करायचा नाही. एखाद्या चरणात अक्षर कमीजास्त झालं तर घाबरू नका, संतांनी ते मनावर घेतलेलं नाही.

मोजताना शब्द समोर लिहिलेले ठेवा. गायक चरण दोनदा म्हणतो, मध्येच 'विठ्ठल विठ्ठल' घालतो, शेवटचं अक्षर ताणतो. ऐकून मोजाल तर हिशोब कधीच जुळणार नाही.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे विठ्ठलाचं नाव ऐकलं की अभंग लिहून मोकळं होणं. 'विठ्ठला, तू वेडा कुंभार' हे १९६१ च्या 'प्रपंच' सिनेमातलं, पुन्हा माडगूळकरांचंच, चाल आणि आवाज सुधीर फडक्यांचा. 'फिरत्या चाकावरती देसी' मोजायला घेतलंत की अभंगाचा साचा पहिल्याच ओळीत मोडतो. हे भक्तिगीत, अभंग नव्हे. 'तुका म्हणे', 'चोखा म्हणे' अशी नाममुद्रा सापडली तर उत्तम, पण ती नसली म्हणून संतांचं नाही असंही समजू नका; रेकॉर्डवर वेळेअभावी मधली कडवी गाळतात तसं कधी शेवटचंही जातं. गाथेत शोधा.

गझलेचंही तसंच. संथ, उदास गाणं म्हणजे गझल नव्हे. पहिल्या दोन्ही ओळींच्या शेवटी आणि नंतर प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीच्या शेवटी यमक, म्हणजे काफिया, जुळला पाहिजे. त्यानंतर येणारा तोच तो शब्दसमूह, म्हणजे रदीफ, असला तर ओळखणं आणखी सोपं. सुरेश भटांच्या 'केव्हातरी पहाटे'मध्ये 'उलटून रात गेली', 'हरवून रात गेली' असं येतं. 'रात गेली' हा रदीफ, त्याआधीचं 'उलटून-हरवून' हा काफिया. ही गझल. पण भटांचंच 'मेंदीच्या पानावर' हे गीत आहे. कवी गझलकार म्हणून त्याच्या सगळ्या रचनांना गझल लिहू नका.

ओवीला रेकॉर्डवर दोन चेहरे आहेत: ज्ञानेश्वरीसारखी ग्रंथातली आणि बायकांची जात्यावरची. मी 'ओवी' आणि 'जात्यावरची ओवी' अशी दोन लेबलं ठेवली.

४. नाट्यगीत: नाटकाचं पुस्तक उघडा

नाट्यगीत ओळखायचा एकच पुरावा आहे, ते नाटकात आहे की नाही. आलापी, ताना, ऑर्गनची साथ यावरून ठरवायला गेलात तर दोन्ही बाजूंनी फसाल.

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आलं. त्या काळच्या पदांत साक्या, दिंड्या, कामदा अशी वृत्तं-जाती भरपूर आहेत आणि त्या थोडक्यात, जवळजवळ बोलल्यासारख्या म्हटल्या जात. गोविंदराव टेंब्यांच्या चालींचं 'मानापमान' १९११ चं, भास्करबुवा बखल्यांच्या चालींचं 'स्वयंवर' १९१६ चं. आपल्या डोक्यात नाट्यसंगीत म्हणून जे बसलंय, ते रागदारीचं वैभव मुख्यतः या बालगंधर्वांच्या काळातलं. मग १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक आणलं. त्यात केशवराव भोळ्यांनी दिलेली गाणी मोजकी आणि भावगीताच्या वळणाची. कानाला भावगीत वाटलं तरी लेबल नाट्यगीतच. उलट एखादा गवई मैफलीच्या शेवटी 'स्वयंवर'मधलं पद अर्धा तास आळवतो. तेही नाट्यगीतच, फक्त ग्रूपिंगमध्ये 'मैफल' लिहा.

जुन्या संगीत नाटकाच्या पुस्तकात प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक टायपात राग, ताल आणि 'चाल' छापलेली असते. 'चाल'पुढे भलत्याच गाण्याचे पहिले शब्द दिसले तर गोंधळू नका. ज्या बंदिशीवरून किंवा पदावरून ही चाल घेतली, तिचा तो पत्ता आहे. मी तो कॉमेंटमध्ये जसाच्या तसा उतरवतो. एका ओळीच्या टंकनात पदाचा पूर्वजच हाती लागतो, आणि मूळ बंदिश पुढेमागे कुठे ऐकायला मिळाली की मजा येते.

नव्या संग्रहात सर्वांत फसवा अल्बम म्हणजे 'कट्यार काळजात घुसली'. नाटक १९६७ चं, दारव्हेकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. सिनेमा २०१५ चा. सिनेमाच्या अल्बममध्ये 'घेई छंद मकरंद', 'सुरत पिया की' ही नाटकातली आहेत आणि 'सूर निरागस हो' सिनेमासाठी नव्याने केलेलं, शंकर-एहसान-लॉय यांचं. अख्ख्या अल्बमला एक लेबल लावून मोकळे झालात तर यातलं काहीतरी चुकणारच. इथे गाणं गाणं वेगळं काढा.

५. भावगीत: उरलेलं सगळं यात कोंबू नका

माझ्या पाहण्यातल्या जवळजवळ प्रत्येक संग्रहात भावगीताचा फोल्डर सर्वांत फुगलेला असतो. कारण काही सुचलं नाही की माणूस भावगीत लिहितो.

काटेकोर अर्थ असा: कवीची भावकविता, तिच्या भावाला धरून दिलेली चाल, आणि नाटक-सिनेमाशी संबंध नाही. जी. एन. जोशींनी ना. घ. देशपांड्यांची 'रानारानांत गेली बाई शीळ' रेकॉर्डवर गायली तिथून साधारण या परंपरेची सुरुवात धरतात. गजानन वाटव्यांनी भावगीत गणपतीच्या मांडवात आणि चौकाचौकांत नेलं. पुढे आकाशवाणीने 'सुगम संगीत' हे लेबल रूढ केलं. ते छत्रीसारखं आहे. भावगीत त्याच्याखाली येतं, भक्तिगीतही येतं. म्हणून 'सुगम' हे लेबल मी अजिबात वापरत नाही, त्याने काहीच वेगळं निघत नाही.

सिनेमातल्या हळुवार गाण्याला लोक सर्रास भावगीत म्हणतात. म्हणोत. ग्रूपिंगमध्ये 'चित्रपट' लिहिलेलं असेल तर वाद उरत नाही.

गीतरामायणाचं काय? १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं आणि वर्षभर दर आठवड्याला चालून ५६ गाणी झाली. बहुतेक सगळे ते 'भक्तिगीत'मध्ये टाकतात. मला ते पटत नाही. तिथे एकेक पात्र आपल्या तोंडाने आपली अवस्था सांगतं: कौसल्या, दशरथ, भरत, सीता. आळवणी थोडी, भाव आणि कथा जास्त. मी 'भावगीत' आणि 'कथागीत' अशी दोन लेबलं दिली. तुम्ही भक्तिगीतच ठेवलंत तर माझी तक्रार नाही, पण गायकाचा रकाना तपासा. आकाशवाणीवर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक असे वेगवेगळे आवाज होते. रेकॉर्डवर सगळं एकट्या फडक्यांचं आहे.

६. लावणी: ढोलकी वाजली म्हणजे लावणी नव्हे

तमाशाच्या फडावर ढोलकीसोबत गण होतो, गवळण होते, वगातली गाणी होतात. हे सगळं लावणीत टाकणं म्हणजे अख्ख्या तमाशावर एकच चिठ्ठी चिकटवणं. शिवाय लावणी ढोलकीशिवायही असते. बैठकीची लावणी तबला-पेटीवर, बसून, एकेका ओळीचा अर्थ चेहऱ्याने आणि हाताने फिरवून फिरवून सांगत गातात. तिची लय संथ आणि अंग ठुमरीच्या जवळचं. यमुनाबाई वाईकरांची ध्वनिमुद्रणं ऐका, फरक सांगावा लागणार नाही. फडाची लावणी उभ्याने, नाचत, चढ्या लयीत.

मी चार लेबलं ठेवली: बैठकीची, फडाची, शाहिरी आणि चित्रपटातली. 'शाहिरी' म्हणजे राम जोशी, होनाजी बाळा, प्रभाकर, सगनभाऊ यांच्या पेशवाईतल्या रचना, मग आज त्या कुणीही गायलेल्या असोत. १९७२ च्या 'पिंजरा'तल्या लावण्या राम कदमांच्या चालींच्या आणि जगदीश खेबुडकरांच्या शब्दांच्या. त्या चौथ्या कप्प्यात.

लावणी शृंगाराचीच असते, हाही गैरसमज. कलगी-तुऱ्याच्या सामन्यांतली भेदिक लावणी कोडी घालते, अध्यात्मावर वाद करते: तुरेवाले शिवाच्या बाजूचे, कलगीवाले शक्तीच्या. अशी लावणी 'डिव्होशनल'मध्ये सापडली तर हसू नका, कुणीतरी शब्द नीट ऐकले होते.

आणि होनाजींचंच 'घनश्याम सुंदरा' ही भूपाळी आहे, 'अमर भूपाळी' या १९५१ च्या सिनेमात वसंत देसाईंच्या चालीवर आलेली. शाहिराची म्हणून लावणीत टाकू नका. आणि भूपाळी म्हणून कॉमेंटमध्ये 'राग भूप' असंही डोळे झाकून लिहू नका. भूपाळी हे पहाटे देवाला उठवायच्या गाण्याचं नाव आहे, चाल दुसऱ्या रागात असू शकते.

७. एकाच नावाची दोन घरं

गवळण हा इथला मुख्य घोटाळा. एकनाथांची गवळण भजनात म्हणतात. तमाशातल्या गवळणीत मावशी असते, पेंद्या असतो, मथुरेच्या बाजाराची वाट अडवणं असतं, आणि मधले संवाद हशा पिकवणारे. लेबल लिहिताना 'गवळण, भजन' आणि 'गवळण, तमाशा' अशी जोडी करा.

'लोकगीत' लिहिण्याआधी गीतकार शोधा. 'मी डोलकर' कोळीवाड्यातून जसंच्या तसं आलं असावं असं वाटतं. शब्द शांता शेळक्यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची. 'कोळीगीत' म्हणा, बिघडत नाही, पण 'पारंपरिक' म्हणू नका. कवीचं नाव पुसलं जातं.

भीमगीतांना स्वतःचं लेबल द्या. गाण्यांची ॲप्स ती 'भक्ती'त ढकलतात. वामनदादा कर्डकांची गाणी आंबेडकरी जलशांच्या परंपरेतून आली आहेत, त्यांचं काम माणसं जागी करण्याचं होतं. आरत्यांच्या यादीमागून ती वाजायला लागली की दोन्हींचा विचका होतो.

पोवाडा, भारूड, गोंधळ, जोगवा यांत फारशी अडचण येत नाही, नाव बहुतेक गाण्यावरच लिहिलेलं असतं. गोव्याच्या नातेवाइकांकडून आलेले मांडो मात्र मराठी लोकगीतांत घालू नका. ते कोंकणी, भाषेचा रकाना वेगळा.

८. लिहिताना एकच रूप धरा

'नाट्यगीत', 'नाट्यपद', 'नाट्यसंगीत' अशी तीन रूपं लिहिलीत की प्लेअर त्यांना तीन प्रकार समजतो. 'गझल' आणि 'गजल', 'पोवाडा' आणि 'पवाडा' हेही तसंच. आधी कागदावर पंधरा-वीस लेबलांची यादी करा, ती भिंतीवर लावा आणि त्याबाहेरचं लेबल सहज निर्माण करू नका. ज्या लेबलाखाली वर्षभरात दोनच गाणी आली, ते लेबल मोडा.

'मराठी' हा प्रकार नव्हे, ती भाषा. 'जुनी गाणी' हाही प्रकार नव्हे, त्याला साल आहे. साल लिहिताना रेकॉर्डिंगचं आणि मूळ रचनेचं वेगळं ठेवा.

एमपीथ्रीटॅगमध्ये एकाच रकान्यात दोन लेबलं लिहायची तर मध्ये उलटी तिरपी रेष दोनदा द्या. काही प्लेअर फक्त पहिलंच लेबल दाखवतात. म्हणून ज्या नावाने तुम्ही गाणं शोधाल, ते आधी लिहा.

जे ठरत नाही त्याला 'ठरवायचं' असं लेबल देऊन पुढे चला, आणि शंका कॉमेंटमध्ये लिहून ठेवा. गाडीच्या स्टिरिओवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसले, तर गाडीच्या पेनड्राइव्हपुरती रोमन लेबलांची वेगळी प्रत करा. मूळ संग्रहाला त्यासाठी हात लावू नका.